झोपायची नोकरी

मी दोन वर्षं झोपायची नोकरी केली. हसू नका. वडसा स्टेशनावरून बाजाराकडे निघालं का उजव्या हाताले काचेचं दुकान लागते, 'न्यू आराम मॅट्रेस' नावाचं. काचेच्या मागं एक पलंग, पलंगावर पांढरीफेक गादी, आणि गादीवर एक म्हातारा पडून राहे. तो म्हातारा म्हणजे मी, बाबूभाई गादीवाला. सकाळी अकराले झोपायचं, दोनले जेवाले उठायचं, तीनले पुन्हा पडायचं ते दिवे लागेपर्यंत. शुक्रवारी नमाजापुरती सुट्टी. मालक म्हणजे माहा सख्खा पोरगा, वाजिद.

त्याच्या आधी पंचेचाळीस वर्षं मी रुईच्या गाद्या भरल्या. वडसा, आरमोरी, कुरखेडा, इकडं ब्रह्मपुरीपर्यंत, पोरीचं लग्न ठरलं का लोक पहिले मंडपवाल्याकडे जात आणि मंग माह्याकडे येत. गादी भरणं म्हणजे काही पोत्यात कापूस कोंबणं नाई, भाऊ. रुई थरावर थर द्यावी लागते, काठीनं झोडून सारखी करावी लागते, मंग गुडघ्यानं दाबून, वाकून, हातभर सुईनं आरपार टाके घ्यावे लागतात. दिवसाले तीन गाद्या. सारा दिवस वाकून. लोकायच्या कमरा सांभाळता सांभाळता माही कंबर कामातून गेली, आणि एकानंही कधी म्हणलं नाई का बाबूभाई, जरा सरळ व्हा.

एक परीक्षा मले माह्या बापानं शिकवली होती. गिऱ्हाइकाले गादीवर उताणं निजवायचं आणि कमरेखालून तळहात घालायचा. हात सुळकन आरपार गेला तर गादी लगित कडक, कंबर अधांतरी लटकली. हात गेलाच नाई तर गादी नरम, माणूस रुतला. शर्टाच्या खिशात हात जाते तसा गेला पाहिजे, घासत, पण न अडकता. बाया असल्या तर मी त्यायच्या सोबतच्या बाईले हात घालाले सांगो. या परीक्षेत माही गादी कधी नापास झाली नाई. हे मी फुशारकीनं सांगून राह्यलो, आणि सांगणारच.

तर माही कंबर बसली. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणलं, खालच्या मणक्यातली गादी सरकली. मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, गादीवाल्याचीच गादी सरकली का?" तो हसला नाई. त्यानं सारं नीट समजावून सांगितलं. पोटावर निजायचं नाई. कुशीवर निजायचं आणि दोन गुडघ्यांच्या मधी उशी घ्यायची. उताणं निजलं तर उशी गुडघ्यांखाली. उठताना झटक्यानं उठायचं नाई, पहिले कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मंग हातानं रेटून उठायचं. आणि गादी पाहिजे बेताची कडक, ना दगड ना लोणी. मी म्हणलं, तशी एक आहे माह्या घरी. मीच भरली आहे, हात थांबायच्या आधी.

तीन दिवस ब्रह्मपुरीले राहून घरी आलो तर ओसरीत माही रुई पिंजायची मशीन नाई. वाजिदनं भंगारवाल्याले देऊन टाकली होती. मशीनच्या जागी फरशीवर चार छिद्रं होती, बस. मी काही बोलाच्या आत तो म्हणते, "अब्बा, तुमची कंबर गेली, आता मशीन कोण चालवते? मी? नाकातोंडात रुई घेऊन मले नाई मरायचं." शकिला, माही बायको, चुलीपाशी बसली होती, ती चुलीत लाकडं सारत राह्यली. मंग कळलं का तिले विचारून देली होती. काय बोलणार! ज्याच्या हातात सुई धरायचा दम राह्यला नाई, त्याचं घरात कोण ऐकते?

त्यानं फोमचं दुकान टाकलं. काच, लाइट, पांढरा पलंग. पण गिऱ्हाईक येईना. लोक दारात येत, गादी दाबून पाहत आणि विचारत, "बाबूभाई कुठी आहे? ते काय म्हणतात?" पंधरा दिवस वाजिदनं हे ऐकलं. सोळाव्या दिवशी घरी येऊन म्हणते, "अब्बा, उद्यापासून दुकानात या. काही कराचं नाई. फक्त झोपायचं."

पहिल्या दिवशी खरोखरच फोमवर झोपलो. अर्ध्या तासात कंबर अशी खाली गेली का जसा चिखलात बैल. तेवढ्यात चामोर्शीकडचा एक मास्तर बायकोले घेऊन आला. वाजिद म्हणते, "पाहा, माहे अब्बा. पंचेचाळीस वर्षं गाद्या भरल्या, आता स्वतः यावरच झोपतात. अब्बा, उठून दाखवा." मी कुशीवर वळाले गेलो, फोम माह्यासोबतच वळला. हात रेटला, हात रुतला. शेवटी वाजिद आणि तो मास्तर, दोघायनं मले काखेत धरून उपसलं. मास्तरीणबाई तोंडाले पदर लावून हसली आणि ते दोघं निघून गेले.

त्या दिवशी संध्याकाळी वाजिद घरी आला आणि माह्या खाटेवरची गादी गुंडाळाले लागला. माही गादी. शेवटची. मी म्हणलं, "कुठी नेऊन राह्यला बे?" तर म्हणते, "दुकानात." त्यानं फोमच्या गादीची चेन उघडली, आतला फोम काढला, माही रुईची गादी आत भरली, वरून दोन बोटांचा फोमचा पातळ थर देला आणि चेन लावून टाकली. बाहेरून तेच पांढरं कापड, तेच सोनेरी अक्षरातलं नाव. मी म्हणलं, "आणि मी घरी कायच्यावर झोपू?" तर त्यानं काढलेला फोम माह्या खाटेवर टाकला. म्हणते, "तुमची गादी कोणी खाल्ली का? दिवसभर तुमीच तर झोपान तिच्यावर. नोकरीच झोपायची आहे, घरी कायले झोपता?"

आता समजलं का तुमाले? दिवसभर दुकानात काचेमागं मी माह्या गादीवर सुखानं झोपो आणि घरी त्या फोमवर तळमळो. शकिला मले सकाळी भिंतीले धरून उभं करे, बाम चोळे आणि म्हणे, "साऱ्या दुनियेले गाद्या देल्या, स्वतःची एक राखता आली नाई तुमाले." खरंच बोले. पण माह्या कंबरेले काय त्याचं? अकरा वाजले का माही कंबर दुकानाकडे ओढ घे. त्या पलंगावर पाठ टेकली का डोळ्यात पाणी ये, इतकं बरं वाटे. ती गादी गेली असती तर मी गेलो असतो. वाजिदले हे माहीत होतं. म्हणून तर तो निवांत होता.

आणि धंदा काय चालला, बाप्पा! गिऱ्हाईक आत आलं का वाजिद खोकले. मी डोळे उघडो, कुशीवर वळो, पाय सोडो, हात रेटो आणि टणकन उभा. म्हातारा असा उठते म्हणल्यावर लोक तोंडात बोट घालत. गडचिरोलीहून, गोंडपिपरीहून लोक आले. कोणी मले विचारलंच तर मी मान हलवो, हसो. तोंडानं खोटं मी बोललो नाई. मी फक्त उठत होतो. असं मी स्वतःले सांगो, आणि मले ते पटेही. माणसाले पाठ टेकाले जागा मिळाली का काहीही पटते.

मंग मे महिन्यात अंजनाबाई आली.

अंजनाबाई कोंढाळ्याची. तिच्या लग्नातली गादी माह्या बापानं भरली होती, तिच्या पोरीच्या लग्नातली मी. दर चार वर्षांनी रुई पिंजाले आणे. अठरा बायांचा तिचा रोवणीचा गट, आणि गटाची मुखिया ती. पाऊस लागला का अठराजणी तिच्या मागं चिखलात उतरत आणि तिच्या हाताच्या वेगानं धान रोवत. दीड महिना सकाळपासून संध्याकाळपर्यंत कंबरेतून दुमडून. ती तीस वर्षं पुढं होती. आता कंबर धरून, पोराच्या खांद्यावर हात टाकून दुकानाच्या पायऱ्या चढली. पोरगा कुलदीप, मालाचा ऑटो चालवते. ऑटोत तिची जुनी गादी गुंडाळून ठेवली होती, पिंजाले आणलेली.

"जय भीम, बाबूभाऊ," ती म्हणली. "मशीन कुठी गेली तुमची?"

"जय भीम, बाई. मशीन गेली," मी म्हणलं.

"आता माह्या गादीचं कोण पाहीन? पुरत्या गाठी झाल्या हो. डॉक्टर म्हणते नवीन घ्या. रोवणीले महिना राह्यला, आणि मी सकाळी उठतच नाई. माह्या मागं अठरा घरं आहे, भाऊ. मी उतरली नाई तर गट मोडते. गेल्या साली दुसऱ्या गावच्या बाया टपूनच होत्या."

वाजिद मधी घुसला. जुनी गादी द्या, नवीन घेऊन जा, वर उशी फ्री. अंजनाबाईनं त्याच्याकडं पाह्यलंही नाई. ती माह्या पलंगापाशी आली. "तुमी यावरच झोपता म्हणते सारा गाव. जरा उताणे व्हा बरं." मी उताणा झालो. तिनं पदर खोचला आणि माह्या कमरेखालून आपला हात घातला.

भाऊ, तो हात गेला तसा कोणाचाच कधी गेला नाई. घासत, बरोबर, न अडकता. गेलाच पाहिजे होता, आत माही गादी होती. तिचं तोंड उजळलं. "अगा बाई! अगदी तुमच्या रुईच्या गादीसारखी! फोममधी असं निघते?" ती मले विचारत होती. कुलदीप पाहत होता. वाजिद तिच्या मागं उभा राहून माह्याकडं पाहत होता, आणि त्याचा हात पलंगाच्या काठावर होता, गादीच्या चेनीपाशी.

मी मान हलवली. ती म्हणली, "मान नका हलवू, बोला. तुमी बोलान तेच मी करीन. दुसऱ्या कोणाचं मी नाई ऐकत."

एक शब्द पुरला असता. रुई. एवढंच. तेवढं बोललो असतो तर कुलदीपनं चेन उघडली असती, दुकान उठलं असतं, आणि वाजिदनं माही गादी त्याच दिवशी रस्त्यावर फेकली असती. माह्या डोळ्यापुढं घरचा तो फोम आला. सकाळची ती भिंत आली. आणि मी म्हणलं, "घे बाई. डोळे झाकून घे."

हे मी तोंडानं बोललो.

ती खूश झाली. मीच तिले कुशीवर कसं निजायचं, गुडघ्यात उशी कशी घ्यायची, उठायचं कसं, सारं सांगितलं. तिनं पोरासारखं ऐकलं. जाताना माह्या पलंगाच्या दांड्याले हात लावून म्हणली, "तुमी आहे म्हणून आमी आहो, भाऊ." तिची जुनी गादी मागच्या दारी पडली आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या घंटागाडीत गेली. मी उठून पाह्यलंही नाई. झोपलो होतो.

रोवणी लागून आठ दिवस झाले आणि कुलदीप आला. गिऱ्हाईक बसलं होतं, तरी तो दारातूनच ओरडला, "ओ वाजिदभाऊ! माही माय उठतच नाई. गादीत मधी खड्डा पडला. बाया रोवणीले गेल्या, मायच्या जागी दुसरीले पुढं करून. माय सकाळपासून भिंतीकडे तोंड करून रडून राह्यली." वाजिद हलला नाई. गोड बोलण्यात तो कोणाले हार जाते का? म्हणते, "गादीले काय झालं? हीच गादी माह्या अब्बाच्या खाली आहे. काकूची निजायची पद्धत चुकून राह्यली. सत्तर टक्के लोकायचं हेच होते. अब्बा, तुमी जा बरं. काकूले नीट निजून दाखवा."

मी डोळे मिटून होतो. पण वाजिद खोकला. उठलो, टणकन.

कोंढाळ्याले अंजनाबाईच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली लोखंडी पलंग, त्याच्यावर तो फोम. मधी खड्डा असा का परात बसन. ती पलंगावर नव्हती. खिडकीच्या गजाले दोन्ही हातांनी धरून उभी होती. उभं राहणं तेवढं तिले जमत होतं. मले वाटलं ती शिव्या देईन. तिनं हसून म्हणलं, "या भाऊ. तुमी सांगितलं तसंच निजून राह्यली हो मी. कुशीवर, उशी गुडघ्यात. कुठी चुकते काय माहीत."

मी सांगाले लागलो. उशी जरा जाड घ्या, मान सरळ ठेवा, एकाच कुशीवर सारी रात्र नका निजू. लाज नावाची गोष्ट कुठी ठेवली होती मी कोण जाणे. ती ऐकत होती आणि माह्या तोंडाकडं पाहत होती. मंग म्हणली, "असं नाई समजत मले. तुमी झोपून दाखवा एकदा. दुकानात उठता तसे उठून दाखवा."

मी म्हणलं, उशीर झाला, वाजिद वाट पाहत असन. कुलदीप दारात उभा होता. तो म्हणला, "मी सोडून देतो ना. झोपा."

झोपलो. काय करणार! फोमनं मले घेतलं तसं खाली घेतलं. कंबर खड्ड्यात, पाय वर, डोकं वर. उशी गुडघ्यात घेतली, कुशीवर दाखवलं. "असं," मी म्हणलं.

"हाव. आता उठा," ती म्हणली.

वळाले गेलो आणि कंबरेतून अशी कळ निघाली का डोळ्यापुढं अंधारी आली. हात रेटला, रुतला. पाय सोडाले गेलो, पाय आलेच नाई. पुन्हा जोर केला. मंग पुन्हा. तोंडातून कण्हणं निघालं, मी ते खोकल्यात लपवलं.

"उठा ना भाऊ. दुकानात तर तुमी पोट्ट्यासारखे उठता."

कुलदीप पुढं आला, मले काखेत धराले. ती म्हणली, "हात लावू नको त्याले." पहिल्यांदाच ती मले 'त्याले' म्हणली. कुलदीप थांबला. ती गज सोडून भिंतीच्या आधारानं पलंगापाशी आली, आणि माह्या डोक्याशी उभी राह्यली. किती वेळ, काय सांगू. शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली, लेकरं ओरडत घराकडे गेली. शेजारच्या दोन बाया दारातून पाहून गेल्या. तिची स्वतःची कंबर थरथरत होती, पण ती बसली नाई. मी म्हणलं, "बाई, मले लघवीले जायचं आहे." ती म्हणली, "जा ना. कोण अडवते?"

मी रडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, परक्याच्या पलंगावर ओला झालो आणि रडलो. आणि मंग सांगून टाकलं. चेनीच्या आत फोम नाई. रुई आहे. माही.

तिनं डोळे मिटले. मंग हळूच म्हणली, "माहा हात खोटा बोलला नाई तं. मी म्हणत होती, माह्या हाताले काय झालं." आणि मंग आवाज चढवून, सारं घर ऐकेल असं म्हणली, "अरे, तुह्या बापाच्या हातची गादी माह्या लग्नात होती रे, बाबू! तुले एक शब्द बोलाले काय झालं होतं?"

कुलदीपनं वाजिदले फोन लावला आणि आवाज मोठा केला. म्हणला, तुमचे अब्बा इथी अडकले, उठता येईना. पलीकडून वाजिद पहिले काय म्हणला? कंबर कशी आहे? नाई. येऊ का? नाई. तो म्हणला, "कोणी पाह्यलं तर नाई ना?"

कुलदीपनं फोन ठेवला. मंग त्यानं आणि शेजारच्या एकानं मले फोमसकट उचललं आणि ऑटोत टाकलं, उघड्या ऑटोत, उताणं. कोंढाळ्यापासून वडशापर्यंत मी आभाळाकडे पाहत आलो. बाजाराचा दिवस होता. लोक वाकून पाहत, "अबे, बाबूभाई मेले काय?" म्हणत. मी डोळे उघडे ठेवले, तेवढीच माही इज्जत होती.

दुकानापुढं कुलदीप उतरला, सरळ आत गेला आणि चार गिऱ्हाइकायच्या देखत चेन ओढली. पांढऱ्या कापडातून माही गादी बाहेर आली. माह्या हातचे टाके. ऑटोतून मले सारं दिसत होतं. वाजिद भांडला नाई, तो हुशार आहे. म्हणला, "घेऊन जा, घेऊन जा. मनात काही ठेवू नका." तेव्हा मी ओरडलो. "कुलदीप! बाबा, ती माही आहे! ती नको नेऊ! दुसरं काही ने!"

कुलदीप ऑटोपाशी आला. रागानं नाई, अगदी सरळ सांगितलं त्यानं. "माय म्हणली, तिची गादी तुमी ठेवून घेतली. तिच्या बदल्यात ही." मले आणि फोमले त्यानं दुकानाच्या ओट्यावर उतरवलं, माही गादी ऑटोत चढवली, आणि गेला.

त्या साली अंजनाबाईचा गट मोडला. रोवणी तिनं पाह्यली ती धुऱ्यावरून, बांधावर उभी राहून. पण दिवाळीच्या आसपास ती बाजारात दिसली, कुणाच्या खांद्यावर हात न टाकता चालताना. समोरच्या हाटेलवाल्यानं सांगितलं, ती म्हणते, झोप चांगली लागते आता. लागणारच. यवतमाळकडची रुई आहे त्या गादीत, निवडून घेतलेली. मले आनंद झाला म्हणू का? नाई झाला. मी माह्या गादीसाठी रडलो, तिच्या कंबरेसाठी नाई रडलो. खरं ते सांगून राह्यलो.

मी मात्र त्या दिवसापासून सरळ झालो नाई. आता मले बसवलं तर बसतो, उचललं तर उठतो. घरी तोच फोम आहे. शकिलाच्या हातात आता जोर नाई, ती नुसता बाम चोळते. महिनाभर दुकानात कुत्रंही फिरकलं नाई. मले वाटलं, चला, बुडाला. आता तरी तो माह्यासाठी कोणाले सांगून एक साधी रुईची गादी भरून आणीन. पण वाजिद बुडणाऱ्यातला नाई.

एका सकाळी तो मले उचलून दुकानात घेऊन आला. पलंग आतमधी सरकवला होता. काचेपाशी प्लास्टिकची खुर्ची होती. मले तिच्यात बसवलं, वाकलेलं, जसा आहे तसा. नवीन नवरा-नवरी गिऱ्हाईक आले, वाजिदनं त्यायले माह्यासमोर आणलं आणि आवाज बारीक केला. "हे माहे अब्बा. काय सांगू तुमाले. आमी लगित समजावलं, पण नाई ऐकलं. जन्मभर रुईच्या गादीवर झोपले. पाहा काय झालं."

ती पोरगी हळहळली. नवरदेव वाकून माह्या तोंडाजवळ आला आणि जोरात, बहिऱ्याले विचारते तसा म्हणला, "खरं का हो, बाबूभाई?"

वाजिद खुर्चीमागं उभा होता. मले या खुर्चीतून उचलाले दोन हात लागतात, आणि ते दोन हात माह्या खांद्यावर ठेवले होते.

"हाव," मी म्हणलं. "रुईनंच खाल्ली माही कंबर."